लंगडोबाची पोच

कर्वेनगरातल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, कांताबाई ओव्हाळ राहतात. बिल्डिंगमधले लोक समोरासमोर त्यांना मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही त्यांना ठाऊक आहे, आणि त्याची त्यांना काडीची पर्वा नाही. सत्तरीच्या आतबाहेरचं वय, अंगाने काटकुळ्या, केस पांढरे आणि आखूड कापलेले, आणि बोलणं असं की समोरच्याने दुसरं वाक्य बोलायच्या आधी दोनदा विचार करावा. आता हे बोलणं पुण्याचं की तारखात्याचं, यावर वाद घालता येईल. उभा जन्म ज्या बाईने लोकांचे निरोप चार शब्दांत बसवून पाठवले, तिने पाल्हाळ सोसायचा तरी कसा?

गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत एक तांब्याची तार ताणलेली आहे. ती कांताबाईंची. मागे एकदा सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं होतं की गच्चीवरील तार कोणाची आहे, तिचे प्रयोजन काय, संबंधितांनी खुलासा करावा. कांताबाईंनी त्याखाली खडूने लिहिलं, ‘तार माझी आहे. कपडे वाळत घालू नयेत.’ खुलासा तिथेच संपला. लोकांनी ठरवून टाकलं की बाई फुकटात टीव्ही बघतात.

टीव्ही त्यांच्याकडे नाहीच. आतल्या खोलीत खिडकीशी टेबल आहे, टेबलावर एक जुना लष्करी रिसीव्हर, म्हणजे नुसता ऐकायचा रेडिओ. दहा-बारा किलोचं हिरवं धूड. शेजारी गाडीची बॅटरी, त्यावर कानाला लावायचे हेडफोन. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली वडिलांचा, रंगरावांचा. रोज पहाटे उठायचं, तोंड धुवायचं, फोटोंपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणायचं आणि मग हेडफोन कानाला लावून उजाडेपर्यंत बसायचं. हा नेम त्यांनी कधी मोडला नाही.

आता त्या ऐकतात काय, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

रंगराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर ज्या लोकांनी घरातले देव नदीत सोडले आणि मुलांच्या हातात पाटी दिली, त्यांच्यातले. पोरगी झाली म्हणून कुणी हळहळलं की म्हणायचे, शाळा काय फक्त पोरांची असते का? ऐन तारुण्यात सायकलवरून पडून त्यांचा डावा पाय अधू झाला होता. पाळी संपवून क्वार्टरकडे यायचे तेव्हा दोन पावलं नीट पडायची आणि एक फरफटत यायचं. कांता लहानपणी दार उघडायच्या आधी तो आवाज ऐकायची आणि मगच कडी काढायची. दुसऱ्या कुणाला ती दार उघडत नसे.

मॅट्रिक झाली, कॉलेज झालं आणि कांता तारखात्यात लागली. तेव्हा मोठ्या गावांत टेलिप्रिंटर आले होते, पण लहान गावांना तार जायची ती हातानेच, मोर्सच्या ठोक्यांनी. छोटा ठोका डिट, लांब ठोका डा. या दोहोंत सगळी एबीसीडी आणि सगळा संसार. कुणाला नोकरी लागली, कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, सगळं डिट आणि डा.

तिला ते शिकवलं बापूराव नावाच्या एका म्हाताऱ्या तारमास्तरांनी. तंबाखू खाणारे, चिडके, कुणाचंही कौतुक न करणारे. पण त्यांनी पहिल्या आठवड्यात जे सांगितलं ते कांताबाईंच्या हाडात मुरलं. पलीकडून निरोप आला की आपण पोच द्यायची असते, म्हणजे मिळाला असं उलट कळवायचं असतं. त्या पोचेवर पलीकडचा माणूस निर्धास्त होतो आणि पुढच्या कामाला लागतो.

बापूराव म्हणाले होते, “जे कानात पडलं नाही, त्याची पोच द्यायची नाही. लाज वाटली तरी परत विचारायचं. माणूस गेल्याची तार असते पोरी. तू खोटी पोच दिलीस, तर कुणाचा तरी मुलगा अग्नी द्यायला पोचत नाही.”

दुसरा नियमही तेच शिकवून गेले. पलीकडच्याचं यंत्र बिघडलेलं ऐकू आलं, तर त्याला तत्काळ कळवायचं. कारण पाठवणाऱ्याला स्वतःचा दोष कधीच ऐकू येत नाही.

कांताबाईंना तार आवडली त्याचं एक कारण त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. त्या काळी कुठल्याही ऑफिसात असायच्या तशा दोन-चार बायका त्यांच्याही आसपास होत्या. डबा उघडताना खुर्ची जराशी सरकवून घेणाऱ्या. आडनाव ऐकलं की ‘अच्छा अच्छा’ म्हणून गप्प होणाऱ्या. तारेवर तसलं काही नव्हतं. तारेवर कुणी आडनाव विचारत नाही. पलीकडच्या टोकाला बसलेला माणूस, रत्नागिरीचा असो की परभणीचा, फक्त तुमचा हात, म्हणजे ठोके वाजवायची ढब, ओळखतो. कांताबाईंचा हात असा होता की पलीकडचे लोक दिवसाचं काम संपताना मुद्दाम चार ठोके जास्त वाजवून नमस्कार करायचे. त्यांच्यापैकी एकाचंही तोंड त्यांनी पाहिलं नाही, पण तेवढा आपलेपणा त्यांना पुढे कुणाकडून मिळाला नाही, हे खरं.

लग्नाचं राहून गेलं. आधी आईचं आजारपण, मग धाकट्या भावाचं, संजयचं शिक्षण, मग वडील. मोर्सही गेलं. ठोक्याची यंत्रं कपाटात गेली, कपाटं भंगारात गेली, आणि दोन हजार तेरा साली तर तारसेवाच बंद झाली. शेवटची वर्षं कांताबाईंनी काउंटरवर बसून फोनच्या तक्रारी लिहून घेण्यात काढली. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढे संजयही करोनात गेला. त्याचा मुलगा विश्वजीत खराडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पोरगा मनाने चांगला. महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, आत्याने केलेली वरणफळं खातो, तासभर फोनमध्ये डोकं घालतो आणि जाताना ‘काळजी घे’ म्हणतो.

तर अशी ही एकटी बाई एका रविवारी जुन्या बाजारात कुकरची शिट्टी शोधायला गेली, आणि तिथे एका गोणपाटावर तिला तो हिरवा रिसीव्हर दिसला. विकणाऱ्याने बॅटरी जोडून दाखवली. कांताबाईंनी उगाच चकती फिरवली, डावीकडे, आणखी डावीकडे, मीडियम वेव्हच्याही खाली, जिथे एकही गाणं नाही, बातम्या नाहीत, कुणी जातसुद्धा नाही. आणि त्या खरखरीतून आवाज आला. डा डिट डिट. कांताबाई जुन्या बाजाराच्या त्या गर्दीत फुलपात्रांच्या ढिगाशेजारी मटकन खाली बसल्या. त्यांना वाटत होतं, ही भाषा जगात आता कुणी बोलत नाही.

नंतर त्यांनी माहिती काढली. विमानतळांवर एक छोटा प्रक्षेपक असतो. तो रात्रंदिवस त्या विमानतळाची दोन अक्षरं मोर्समध्ये म्हणत राहतो, म्हणजे आभाळातल्या विमानाला कळावं की आपण कुठल्या दिशेला आहोत. आता विमानांना वाट उपग्रह दाखवतात, त्यामुळे हे बिचारे एकेक करून बंद होत चाललेत. पण जे उरलेत ते आपली दोन अक्षरं म्हणताहेत. कुणी ऐको न ऐको. त्यांच्या लाटा दिवसा उन्हात विरून जातात आणि अंधारात लांबलांब जातात, म्हणून पहाट बरी. पहाटे शहरही जरा गप्प असतं. बाकीच्या वेळी कर्वेनगरात ऐकायला बसायचं म्हणजे शिक्षाच. लिफ्ट, चार्जर, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, जो तो या लाटांमध्ये आपली गुणगुण मिसळतो आणि लांबचा बारीक आवाज त्यात बुडून जातो.

तरी कांताबाईंनी कित्येक विमानतळ ऐकले. किनाऱ्यावरचे, मध्य प्रदेशातले, एकदा तर समुद्रापलीकडच्या देशातला. या छंदात एक रीत आहे. ऐकू आलं की त्या ठिकाणाला कळवायचं. अमुक वेळी, अमुक इतका स्पष्ट, असा असा आवाज आला, कृपया खातरी करावी. मग तिकडून कधी पत्र येतं, कधी कार्ड, बहुतेक वेळा काहीच येत नाही. आलेली कार्डं कांताबाईंनी बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. दाखवायची कुणाला, हा प्रश्न होता.

आणि मग लंगडोबा आला.

एका पहाटे वारज्याच्या बाजूला मोठ्ठा आवाज झाला आणि सगळं कर्वेनगर अंधारात गेलं. लोक बाल्कनीत येऊन वीजमंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. कांताबाईंना मात्र हर्ष झाला. धावत जाऊन त्यांनी हेडफोन लावले, आणि काय सांगावं, अशी शांतता त्यांनी शहरात कधी ऐकली नव्हती. त्या शांततेच्या अगदी तळाशी कुणीतरी होतं. बारीक, जाईल की राहील असं. दोन अक्षरं, आणि दुसऱ्या अक्षराचा शेवटचा डा संपतच नव्हता. डाऽऽऽऽऽ. इतर ठोके मापात, आणि शेवटचा एक फरफटत यायचा. परत दोन अक्षरं, परत ती फरफट. खडकीच्या क्वार्टरचं दार आणि आतून कडीवर ठेवलेला हात, सगळं त्यांना आठवलं.

“आलात का?” त्या अंधारात म्हणाल्या.

यंत्रात काहीतरी बिघाड असणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं. त्याचं नाव त्यांनी लंगडोबा ठेवलं. गंमत म्हणजे त्या बिघाडामुळेच तो दिवे आल्यावरही सापडायचा. त्या गुणगुणीत आखूड ठोके बुडून जायचे, पण तो लांब ओढलेला शेवटचा डा काही पुरा बुडायचा नाही. भाजीत हरवलेला कढीपत्ता जसा जिभेला लागतोच, तसा तो कानाला लागायचा. बाकीची अक्षरं मग त्याच्या आधाराने हुडकायची.

दोन हिवाळे असे गेले. कांताबाई पंचशील म्हणायच्या, हेडफोन लावायच्या, लंगडोबाची फरफट ऐकायच्या आणि मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा. एखाद्या पहाटे तो आला नाही तर दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागायचं नाही, दूधवाला विनाकारण बोलणी खायचा. त्या त्याच्याशी बोलायच्याही. गुडघा दुखतोय म्हणून सांगायच्या. विश्वजीत आला नाही म्हणून सांगायच्या. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं. बाकी कुणाशी बोलायचं म्हणजे भाजी किलोला कशी दिली, एवढंच.

तो आहे कुठला, हे मात्र कळत नव्हतं. एका रविवारी विश्वजीतने वरणफळं खाता खाता ती दोन अक्षरं फोनवर शोधली आणि म्हणाला, आत्या, हे तर अरबी समुद्रातलं बेट आहे, एवढंसं विमानतळ आहे तिथे. बेटाचं नाव इथे सांगत नाही, तिथल्या माणसांच्या सरकारी नोकऱ्या आहेत. विश्वजीत असंही म्हणाला की हे सगळं आता इंटरनेटवर ऐकता येतं, जगात कुठे कुठे लोकांनी रिसीव्हर जोडून ठेवलेत, तार-बीर लावायची गरजच नाही. कांताबाई म्हणाल्या, इंटरनेटवर जेवणाचे फोटोही येतात, तू कशाला चार वाट्या खाल्ल्यास?

पण पत्ता मिळाला म्हणून त्या हरखल्या होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी कागद घेतला आणि विमानतळाला रीतसर कळवलं. वेळ, तारीख, आवाज किती स्पष्ट, खरखर किती, आपला पत्ता, फोन नंबर. आणि शेवटी, हात आपोआप चालावा तसं लिहून गेल्या, की दुसऱ्या अक्षराचा अखेरचा ठोका मापापेक्षा फार लांब येतो, यंत्रात दोष दिसतो, दुरुस्ती व्हावी.

अरे देवा, असं कुणीतरी तेव्हा म्हणायला हवं होतं. पण म्हणणार कोण? आणि म्हटलं असतं तरी बाईंनी ऐकलं नसतं. पलीकडचं यंत्र बिघडलं तर कळवायचं. बापूरावांनी शिकवलेलं, आणि आयुष्यभर पाळलेलं. त्यांनी पाकीट चिकटवलं, पोस्टात टाकलं आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात येताना अर्धा डझन केळी आणली.

महिना-दीड महिना गेला असेल. एका पहाटे लंगडोबा आला नाही. दुसऱ्या पहाटे नाही. तिसऱ्या पहाटे कांताबाई गच्चीवर जाऊन तार तपासून आल्या, बॅटरी बदलली, सगळे सांधे घासून पुसले. बाकीचे जवळचे विमानतळ येत होते, तोच नव्हता. शेवटी त्यांनी मान्य केलं की तोही बंद केला. बंद व्हायचेच होते ते सगळे. पण मान्य केलं म्हणून काय झालं? रंगराव गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, कारण तेव्हा घरातलं सगळं त्यांनाच बघायचं होतं. आता बघायचं काही नव्हतं, म्हणून त्या टेबलाशी बसून पोटभर रडल्या.

त्याच आठवड्यात दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. कांताबाईंनी समोरच्याला तोंडच उघडू दिलं नाही. कर्ज नको, कार्ड नको, फ्लॅट नको आणि मी मेले असं लिहून ठेवा, म्हणजे परत फोन करायची तसदी नको, असं सांगून त्या ठेवणारच होत्या. पलीकडचा माणूस घाईघाईने मराठीत म्हणाला की मॅडम, मी बेटावरून बोलतोय, विमानतळावरून, तुमचं पत्र मिळालं.

अभय त्याचं नाव. मूळचा फलटणकडचा, प्रक्षेपकाची देखभाल करणारा तंत्रज्ञ, चाळिशीतला. बायको-मुलं गावी, हा तीन वर्षं बेटावर. तो भडाभडा बोलत सुटला. त्याचं म्हणणं असं, की तो डा लांब येतोय हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण वरच्यांकडे सुटा भाग मागितला की उत्तर यायचं, कुणाची तक्रार आहे का? तक्रार करणार कोण? वैमानिक तर आता ते ऐकतही नाहीत. अशात कांताबाईंचं पत्र आलं. ते त्याने वर पाठवलं, पुण्यापर्यंत जातंय, एक बाई रोज ऐकताहेत, दोष दाखवताहेत, म्हणून. आणि काय आश्चर्य, जहाजातून सुटा भाग आला. त्याने स्वतः पेटी उघडून तो बसवला. आता ठोका अगदी मापात आहे.

कांताबाई ऐकत होत्या. म्हणजे तो बंद झालेला नव्हता. तो बरा झाला होता. चार लोकांसारखा नीट चालायला लागला होता आणि म्हणूनच कर्वेनगरच्या त्या गदारोळात तो आता त्यांना कधी ओळखू येणार नव्हता. आणि हे केलं कुणी, तर त्यांनीच, आपल्या हाताने, पाकिटावर तिकीट चिकटवून.

अभयचं एकच मागणं होतं. मॅडमनी आता पहाटे ऐकावं आणि कसं येतंय ते सांगावं. तो रविवारी फोन करणार होता.

मग कांताबाईंनी जे केलं, ते बिल्डिंग अजून विसरलेली नाही. पहाटे त्यांनी घराचा मेन स्विच बंद केला. जिन्यातले दिवे बंद केले. दुसऱ्या मजल्यावरच्या कल्याणीचं दार वाजवून तिच्या माशांच्या टाकीचा दिवा तासभर बंद ठेवायला सांगितलं. ती डोळे चोळत म्हणाली, मासे आजारी आहेत का? वरच्या मजल्यावर एकाने, गाडीचा चार्जर काढून ठेव म्हटल्यावर, भांडण काढलं, तर बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं की पहाटे गाडी चार्ज करून तू जाणार तरी कुठे आहेस? सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. एवढं करून कांताबाई बसल्या, कान दुखेपर्यंत बसल्या, आणि गुणगुणीखाली काही नव्हतं. कधी वाटायचं, आहे, हा बघ डिट. पण त्या बापूरावांच्या शिष्या. वाटलं म्हणजे आलं नव्हे.

त्यांनी विश्वजीतला फोन केला. एवढं धूड गाडीत घालून मला पहाटे शहराबाहेर, खडकवासल्याच्या पुढे कुठेतरी घेऊन चल, तिथे दिवे नाहीत, असं म्हणाल्या. विनवणी करायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते हुकमासारखं ऐकू आलं असेल. विश्वजीत म्हणाला की या आठवड्यात रिलीज आहे, पुढच्या वीकेंडला नक्की. आणि वर म्हणाला, थांब, तुझं काम आत्ताच करून देतो. दहा मिनिटांत त्याने व्हॉट्सॲपवर एक तुकडा पाठवला. कुठल्याशा आखाती देशात कुणीतरी लावून ठेवलेल्या रिसीव्हरवरून घेतलेला. कांताबाईंनी फोन कानाला लावला. दोन अक्षरं, लख्ख, स्वच्छ. शेवटचा डा जेवढा हवा तेवढाच, तोडून टाकल्यासारखा. एकाही पावलाची फरफट नाही. बाईंनी ते पुन्हा ऐकलं नाही. हा त्यांच्याकडे येणारा कुणी नव्हताच, हा कुणीतरी नोकरीवरचा होता. आणि दुसऱ्याच्या कानाने ऐकलेल्याची पोच देता येत नाही, हे तर उघडच होतं.

रविवार उजाडला. त्या पहाटेही काही आलं नाही. कांताबाईंनी ठरवलं की सरळ सांगायचं. नाही मिळालं, म्हणायचं. त्यात लाजण्यासारखं काय? असं हजारदा सांगितलंय. जमलं तर हेही सांगायचं की बाबा, होतं तेच बरं होतं, मला ते तसंच हवं होतं.

फोन आला तेव्हा अभयचा आवाज जरा दबका होता. मागे समुद्राचा आवाज येत होता. त्याने आधी हवापाण्याचं विचारलं, मग पुण्यातल्या गर्दीचं. विचारायचं ते विचारायला तो घाबरत होता, हे कांताबाईंना चार वाक्यांत कळलं. पलीकडच्या माणसाचा हात ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

मग तो म्हणाला, “मॅडम, इथे मी एकटाच असतो. पहाटे त्या पेटीपाशी जाऊन उभा राहतो, मीटर बघतो, परत येतो. तीन वर्षांत मला वाटायला लागलं होतं की हे सगळं मी भिंतीला सांगतोय. तुमचं पत्र आल्यापासून तसं वाटत नाही. येतंय ना तिकडे?”

कांताबाईंनी वर पाहिलं. भिंतीवर रंगरावांचा फोटो होता. बापूरावांचा फोटो त्यांच्याकडे नव्हता, पण तंबाखूचा वास आल्यासारखा वाटला. परत विचारायचं, पोरी, लाज वाटली तरी.

“येतंय,” त्या म्हणाल्या. “स्वच्छ येतंय. शेवटचा ठोका अगदी मापात आहे.”

मग अभयने विचारलं, रोज ऐकता का हो?

“रोज,” कांताबाई म्हणाल्या. “पहाटे.”

त्याने चार-चारदा आभार मानले, फलटणला आलो की घरी येऊन भेटतो म्हणाला, आणि फोन ठेवला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत बाईंनी कधी खोटी पोच दिली नव्हती. दिली ती अशी, घरात बसून, निवृत्तीनंतर. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नेहमीच्या वेळी उठल्या. तोंड धुतलं, मेणबत्ती लावली, पंचशील म्हणायला लागल्या. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यापाशी, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं जे शील आहे, तिथे त्यांचा आवाज थांबला. लहानपणापासून ज्या ओळीपाशी कधी अडखळल्या नाहीत, तिथे त्या बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते हळू आवाजात म्हटलं, पाचवंही म्हटलं आणि नमस्कार केला.

त्यानंतर टेबलाशी येऊन त्यांनी रिसीव्हर चालू केला. काटा लंगडोबाच्या जागेवर आणून ठेवला. खाली कुणाची तरी लिफ्ट चालू झाली, कुठे चार्जर गुणगुणत होता. तिकडे बेटावर अभय आत्ता पेटीपाशी आला असेल आणि मीटर बघत उभा असेल. त्याला रोज ऐकते म्हणून सांगितलं होतं. कांताबाईंनी हेडफोन कानाला लावले आणि उजाडेपर्यंत त्या ती खरखर ऐकत बसल्या.